स्ट्रॅटेगो रिव्ह्यू: समोरच्याला कात्रजचा घाट दाखवायचा असेल तर हा पट घ्याच

ज्यांना लढायांमधले छापे, हुलकावण्या, गनिमी कावा याबद्दल वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू मुद्दाम लिहितोय, कारण स्ट्रॅटेगोबद्दल जे काही लिहिलेलं दिसतं त्यात बहुतेक लोक "मुलांसाठी छान, बुद्धिबळापेक्षा सोपा" एवढं म्हणून मोकळे होतात आणि माझ्या मते हा या गेमवर सरळसरळ अन्याय आहे. बुद्धिबळात सगळं उघड्यावर असतं, समोरच्याचा वजीर कुठे आहे हे शोधावं लागत नाही. इथे समोरच्याची चाळीसच्या चाळीस माणसं तुमच्याकडे पाठ करून उभी असतात, त्यातला सरसेनापती कोण आणि साधा शिपाईगडी कोण हे फक्त त्यालाच माहीत, आणि तुम्हाला अंधारात हात घालून शोधायचंय. शत्रूला गाफील गाठणं म्हणजे नक्की काय आणि त्याची किंमत काय पडते, हे मला तरी या पटाइतकं नीट दुसऱ्या कुठल्या गेममधून कळलेलं नाही.

आधी गेम काय आहे ते पटकन सांगतो, ज्यांना माहितीये त्यांनी पुढच्या पॅरावर जा. दहा बाय दहाचा पट, मधे दोन तळी, त्यात कुणालाच जाता येत नाही. प्रत्येकाकडे ४० सोंगट्या, त्या आपल्या बाजूच्या चार ओळींत आपल्याला हव्या तशा मांडायच्या. मार्शल एक, जनरल एक, मग कर्नल, मेजर, कॅप्टन, लेफ्टनंट, सार्जंट अशी उतरंड, पाच मायनर म्हणजे सुरुंग काढणारे, आठ स्काउट म्हणजे टेहळे, एक स्पाय म्हणजे हेर, सहा बॉम्ब आणि एक झेंडा. झेंडा आणि बॉम्ब हलत नाहीत. बाकीचे एकेक घर सरळ चालतात, फक्त स्काउट रस्ता मोकळा असेल तितका लांब धावतो. भिडलात की दोघांनी आपापली सोंगटी दाखवायची, छोटा मरतो, बरोबरीत दोघं मरतात. बॉम्बवर आदळणारा मरतो, फक्त मायनर तो काढू शकतो. हेराने स्वतः होऊन मार्शलवर हल्ला केला तर मार्शल खलास, पण मार्शलने आधी हात टाकला तर हेर मेला. झेंडा सापडला की खेळ संपला. मूळ कल्पना फ्रान्सची, एर्मांस एदां नावाच्या बाईंनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लाताक नावाच्या अशाच गेमचं पेटंट घेतलं होतं, आणि आजचा स्ट्रॅटेगो १९४० च्या दशकात हॉलंडमधे तयार झाला.

आता मुद्द्यावर येतो. लोकांना वाटतं की चकवा देणं म्हणजे खोटं बोलणं, समोरच्याला काहीतरी नवीनच पटवून द्यायचं. तसं नसतं हो. समोरच्याच्या मनात जे आधीच बसलेलं आहे त्यालाच खतपाणी घालायचं असतं. आणि दुसरं म्हणजे हे फुकटात होत नाही, आमिष खरं असावं लागतं, काहीतरी खरोखर गमवावं लागतं तेव्हा कुठे समोरचा गळाला लागतो. स्ट्रॅटेगोमधे या दोन्ही गोष्टी तुम्हाला हाताने कराव्या लागतात, म्हणून मला तो आवडतो.

एक डाव नीट सांगतो म्हणजे लक्षात येईल. हा गेम थोडाफार खेळलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की झेंडा मागच्या कोपऱ्यात असतो, कारण कोपऱ्यातल्या घराला दोनच शेजारी, दोन बॉम्ब लावले की कडेकोट बंदोबस्त झाला. माझा मित्र हे अगदी धरूनच चालतो. म्हणून मी डाव्या मागच्या कोपऱ्यात एक कॅप्टन ठेवला, त्याच्या दोन्ही शेजारी बॉम्ब लावले, आणि खरा झेंडा शेवटच्याच ओळीत पण मधे, एक मेजर आणि दोन लेफ्टनंट यांच्या घोळक्यात, एकही बॉम्ब न लावता. काही वेळाने त्याचा एक स्काउट धावत आला आणि कोपऱ्याशेजारच्या बॉम्बवर आदळून मेला. बस्, त्याच्या दृष्टीने सिद्ध झालं. तिथून पुढे त्याने त्या बाजूला माणसं वळवायला सुरुवात केली, एक मायनर आणि सोबतीला जनरल. आता मी जर शांत बसलो असतो तर त्याला संशय आला असता, कारण झेंडा धोक्यात असताना कुणी शांत बसत नाही. म्हणून मी उजवीकडचा एक मेजर घाईघाईने त्या कोपऱ्याकडे आणला आणि त्याच्या जनरलच्या वाटेत घातला. मेजर मेला. तो मरणारच होता, पण त्याच्या मरण्याने समोरच्याची उरलीसुरली शंका गेली. मग त्याच्या मायनरने बॉम्ब काढला, पुढच्या खेळीला कोपऱ्यावर हात टाकला आणि तिथून निघाला कॅप्टन, मायनर गेला. तोपर्यंत त्याचा जनरल पटाच्या पार त्या टोकाला अडकलेला आणि माझा कर्नल दुसऱ्या बाजूने त्याच्या मागच्या ओळीत शिरलेला.

ऐकायला भारी वाटतं, पण हिशोब बघा. सहापैकी दोन बॉम्ब मी रिकाम्या कोपऱ्यावर घालवले, एक कॅप्टन अख्खा डाव तिथे कोंडून ठेवला, एक मेजर जाणूनबुजून मारला, आणि खरा झेंडा जवळपास उघड्यावर ठेवला. त्याच्या एखाद्या रिकामटेकड्या कर्नलने सहज म्हणून मधल्या घोळक्यावर हात टाकला असता तर मी तिथेच संपलो असतो. चकव्याचा हाच खरा भाग आहे जो कथांमधे कुणी सांगत नाही. खोट्या ठिकाणी जे लावलं ते खऱ्या ठिकाणाहूनच काढलेलं असतं.

आणि हे नुसतं पटावरचं नाही. दुसऱ्या महायुद्धातली, १९४४ ची फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरची चढाई घ्या. दोस्त राष्ट्रांनी दक्षिण-पूर्व इंग्लंडमधे एक अख्खा खोटा आर्मी ग्रुप, म्हणजे अनेक सैन्यांचा गट, उभा केला, त्याचा सेनापती म्हणून अमेरिकेच्या जनरल पॅटनचं नाव पुढे केलं, आणि जर्मनांना असं भासवलं की खरी चढाई फ्रान्सच्याच कॅले बंदराच्या बाजूला होणार आहे. लोक यातले फुगवलेले रबरी रणगाडे लक्षात ठेवतात, पण माझ्या मते खरी गोम अशी की कॅलेचा विचार दोस्तांनी जर्मनांच्या डोक्यात घातलाच नव्हता, तो आधीपासून तिथे होता. इंग्लंडपासून समुद्राचा सगळ्यात अरुंद पट्टा तिथेच, कुठल्याही शहाण्या सेनापतीने तिथेच चढाईची वाट बघितली असती. त्यांनी फक्त त्या विश्वासाला पुरावे पुरवले. आणि पुरावे खरे पुरवले, चढाईआधी जी बॉम्बफेक झाली त्यात कॅलेच्या भागावर नॉर्मंडीपेक्षा जास्त बॉम्ब टाकले, नाहीतर विमानं कुठे घिरट्या घालतायत त्यावरूनच सगळं उघडं पडलं असतं. तो माझा मेजर होता ना, तसं हे. विचार करा, ज्या किनाऱ्यावर आपली पोरं उतरणारच नाहीत तिथे बॉम्ब ओतायचे आणि जिथे उतरणार आहेत तिथे हात आखडता घ्यायचा, हा निर्णय घेणाऱ्याच्या मनाचं काय झालं असेल.

त्यात गार्बो या टोपणनावाचा जो दुहेरी हेर होता, ख्वान पुजोल, त्याची गोष्ट तर मी कितीही वेळा वाचू शकतो. त्याने जर्मनांना आपल्या हाताखाली २७ माणसं आहेत असं पटवलं होतं आणि त्यातला एकही माणूस अस्तित्वात नव्हता. ६ जूनच्या पहाटे, चढाई सुरू व्हायच्या बेताला, त्याने जर्मनांना चढाईची खरी बातमी पाठवायचा प्रयत्न केला, ती पण दोस्तांच्या संमतीनेच, इतक्या उशिरा की तिचा उपयोग होणार नाही, पण नंतर म्हणता यावं की बघा मी तर सांगितलं होतं. खरी बातमी देऊन विश्वास कमावला, आणि मग ९ जूनला तोच विश्वास वापरून कळवलं की नॉर्मंडी ही फक्त हूल आहे, मुख्य हल्ला अजून यायचाय. जर्मनांची पंधरावी आर्मी चढाईनंतरही कॅलेच्या बाजूला वाट बघत बसली. नंतर जर्मनांनी त्याला आयर्न क्रॉस हे पदक दिलं आणि ब्रिटिशांनी एमबीई हा किताब, एकाच माणसाला एकाच युद्धात दोन्ही बाजूंनी.

परत पटाकडे येतो. स्ट्रॅटेगोमधली सगळ्यात सुंदर गोष्ट मला ही वाटते की तुमची प्रत्येक खेळी ही एक फुटलेली बातमी असते. सोंगटी हलली याचा अर्थ ती बॉम्ब नाही आणि झेंडाही नाही. एकदम चार घरं धावली म्हणजे स्काउट. एखाद्या कर्नलसमोरून घाबरून मागे गेली म्हणजे कर्नलपेक्षा लहान, किंवा तुम्हाला तसं वाटावं म्हणून मागे गेली. आणि जी सोंगटी सुरुवातीपासून हललीच नाही तिला समोरचा हळूहळू मनातल्या मनात बॉम्ब म्हणायला लागतो, तिच्या वाटेला जात नाही, तिच्या बाजूने बिनधास्त ये-जा करायला लागतो. तिथे तुमचा जनरल असेल आणि तुमच्याकडे थांबायची ताकद असेल तर डावाच्या उत्तरार्धात तो जनरल जे कापत सुटतो ना ते बघण्यासारखं असतं.

असाच प्रकार ब्रिटिशांनी १९४२ मधे इजिप्तमधल्या एल अलामेनला केला होता. दक्षिणेकडे मुनासिबच्या भागात त्यांनी खोट्या तोफा मांडल्या आणि त्यांची निगा मुद्दाम राखली नाही, त्यामुळे काही दिवसांनी जर्मनांना कळून चुकलं की या तोफा खोट्या आहेत, आणि त्यांनी तिकडे लक्ष देणं सोडलं. मग रात्रीतून खोट्या तोफांच्या जागी खऱ्या आणून ठेवल्या. शत्रूला सत्य कळू द्यायचं आणि मग ते सत्य गुपचूप बदलायचं! त्याच मोहिमेत उत्तरेकडे रणगाड्यांवर लाकूड-कापडाचे सांगाडे घालून त्यांचे ट्रक केले होते आणि दक्षिणेकडे एक खोटी पाण्याची पाइपलाइन टाकत होते, जुन्या पेट्रोलच्या डब्यांची, दिवसा चराच्या कडेला डबे मांडायचे, रात्री चर बुजवायचा आणि तेच डबे उचलून पुढच्या टप्प्यात ठेवायचे. वरून फोटो काढणाऱ्या विमानाला काम रोज पुढे सरकताना दिसायचं, आणि ज्या वेगाने सरकायचं त्यावरून हिशोब केला तर ते नोव्हेंबरमधे पूर्ण झालं असतं. खरा हल्ला झाला २३ ऑक्टोबरला. जर्मनांचा सेनापती रोमेल तेव्हा आजारपणाच्या रजेवर गेलेला होता. जागेबद्दल फसवलं हे सगळे सांगतात, मला जास्त भावतं ते तारखेबद्दल फसवलं हे.

आणि इथेच मला या गेमची पहिली मोठी उणीव जाणवते. स्ट्रॅटेगोमधे वेळेचा चकवा जवळजवळ नाहीच. तुम्ही एक खेळी, मी एक खेळी, दोघांचं घड्याळ सारखंच चालतं. १९७३ मधे इजिप्तने सुएझ कालव्यावर जे केलं ते या पटावर होऊच शकत नाही. त्यांनी त्या वर्षी वारंवार सैन्य गोळा केलं, सराव केले, परत पाठवलं. मे महिन्यात इस्रायलने घाबरून राखीव सैन्य बोलावलं, भरपूर खर्च झाला आणि काहीच घडलं नाही. मग ऑक्टोबरमधे तशीच हालचाल दिसली तेव्हा "सरावच असेल" म्हणून सोडून दिली गेली, शिवाय इजिप्तकडे लांब पल्ल्याची विमानं येईपर्यंत तो लढाई करणारच नाही असं इस्रायलच्या हेरखात्याने धरूनच ठेवलेलं होतं. म्हणजे परत तेच, जे आधीच मनात बसलंय तेच घात करतं. ६ ऑक्टोबरला दुपारी इजिप्तचं सैन्य कालवा ओलांडून आलं, आणि पलीकडचा वाळूचा प्रचंड बांध पाण्याच्या पंपांनी धुवून काढला. पटावर याच्या जवळ जाणारी एकच गोष्ट आहे, तुम्ही त्याच माणसाशी पुन्हा पुन्हा खेळलात तर. तेव्हा मांडणीच्या सवयी लागतात, समोरचा त्या ओळखायला लागतो आणि मग त्या सवयीचाच वापर करून त्याला झुलवता येतं. म्हणून माझा आग्रह आहे की हा गेम एकदोनदा खेळून कपाटात टाकू नका, एकच जोडीदार धरून महिनोन्महिने खेळा, खरी मजा त्यानंतर सुरू होते.

दुसरी उणीव वेगाची. स्काउट सोडला तर सगळे एकेक घर चालणार, म्हणजे घोडदळ ही गोष्टच नाही, आणि रसद तर नाहीच नाही. आपल्याकडच्या माणसाला हे लगेच टोचतं, कारण आपण ज्या मोहिमांच्या गोष्टी ऐकत मोठे होतो त्या सगळ्या वेगाच्या आहेत. १७२७-२८ ची पालखेडची मोहीम बघा. निजाम जड तोफखाना घेऊन पुण्यापर्यंत आला आणि थोरले बाजीराव पुणं वाचवायला धावलेच नाहीत, ते निजामाच्याच मुलखात, बऱ्हाणपूरच्या बाजूला, गुजरातेत असे भिरभिरत राहिले, आणि मग औरंगाबादवर येतायत असं दिसल्यावर निजामाला उलटं फिरावं लागलं. वेग गाठायचा म्हणून त्याने जड तोफा मागे टाकल्या आणि फेब्रुवारी १७२८ मधे पालखेडजवळ अशा जागी अडकला जिथे पाणी मराठ्यांच्या हातात होतं. मोठी समोरासमोर लढाई न होता मार्चमधे मुंगी-शेवगावचा तह झाला. यात सोंगटी कोणती हे लपवलेलंच नव्हतं, बाजीराव कोण आहेत हे निजामाला पक्कं माहीत होतं, ते उद्या कुठे असतील हे माहीत नव्हतं. असला चकवा या पटावर शिकायला मिळत नाही. पाणी नाही, थकवा नाही, पावसाळा नाही. ज्याला तो हवाय त्याने लाकडी ठोकळ्यांचे मोठे वॉरगेम बघावेत, त्यात सैन्य लपलेलं पण असतं आणि रसदीचे नियम पण असतात, मात्र त्यांच्या नियमपुस्तिका जाड असतात आणि डाव अख्खा दिवस चालू शकतो.

तिसरी गोष्ट, समोरच्याकडे एकूण काय आहे हे तुम्हाला सुरुवातीपासून माहीत असतं, मार्शल एकच, बॉम्ब सहाच. त्यामुळे एकेक सोंगटी मरत गेली की गणित सोपं होत जातं आणि शेवटी शेवटी जो नीट लक्षात ठेवतो तो जिंकतो. खऱ्या युद्धात शत्रूकडे किती आहे हाच सगळ्यात मोठा प्रश्न असतो, पॅटनचा तो खोटा आर्मी ग्रुप चालला तो याचमुळे. नसलेलं सैन्य पटावर आणता येत नाही. आणि बातमी फिरवायचा काही रस्ताही नाही, म्हणजे गार्बो नाही. हां, टेबलावर बोलायला बंदी नाही, आणि चेहरा तर असतोच. एखादी सोंगटी उचलायला हात पुढे करायचा आणि दचकून मागे घ्यायचा हे जुने खेळाडू करतात, मला त्यात काही गैर वाटत नाही, तो पण युद्धाचाच भाग आहे.

आता ज्यांना वाटतं की हा शेवटी नशिबाचा खेळ आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. बुद्धिबळ आणि गो हा पटावरचा खेळ जिंकून झाल्यावरही हा गेम कॉम्प्युटरला बरीच वर्षं नीट जमत नव्हता. पटाच्या शक्य स्थिती मोजल्या तर आकडा एकावर ५३५ शून्यं इतका जातो, पण खरी अडचण आकड्याची नाही, समोरचं दिसतच नाही ही आहे. २०२२ मधे डीपमाइंड या एआय कंपनीच्या डीपनॅश नावाच्या प्रोग्रामने ग्रॅव्हॉन या ऑनलाइन मंचावर माणसांविरुद्ध खेळून ८४ टक्के डाव जिंकले आणि तिथल्या सर्वकालीन यादीत पहिल्या तिनात आला. त्यांनी दाखवलेला एक डाव मी परत परत बघितलाय. डीपनॅश एका साध्या स्काउटला समोरच्याच्या उघड्या पडलेल्या बलाढ्य कर्नलच्या मागे लावतो, एकेक घर, अगदी ठाम पावलं टाकत, जणू मार्शलच पाठलाग करतोय. समोरचा माणूस विचार करतो की एवढ्या हिमतीने येतोय म्हणजे मार्शलच असणार, आणि त्याला मारायला आपला हेर पुढे काढतो. हेर उघडा पडतो, मरतो. पणाला लागला काय तर एक स्काउट, आणि मार्शलला असलेला हेराचा धोका कायमचा संपला. कुणीही त्या प्रोग्रामला बोलणं, थापा मारणं शिकवलं नव्हतं, स्वतःशीच खेळून खेळून त्याला कळलं की आपली चाल हीच समोरच्यासाठी बातमी असते. दुसऱ्या एका डावात तो सुरुवातीलाच दोन चांगल्या सोंगट्या घालवून बसतो पण त्या बदल्यात समोरच्याचे बहुतेक मोठे अधिकारी कुठे आहेत हे काढून घेतो, आणि पटावर कमी सैन्य असूनही जिंकतो. सोंगट्या मोजणाऱ्याला तो हरतोय असं वाटलं असतं.

त्या स्काउटच्या डावात ठाम पावलं महत्त्वाची होती. नवीन खेळाडू बनाव करतात पण अर्धवट करतात, स्काउटला मार्शलसारखं पुढे नेतात आणि कर्नल जवळ आला की हात कापतो, मागे घेतात, आणि तिथेच सगळं कळतं. सोंग घेतलं तर शेवटपर्यंत निभवावं लागतं. जुलै १६६० ला सिद्दी जौहरच्या पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निसटले तेव्हा शिवा काशीद महाराज बनून दुसऱ्या पालखीत बसले, पकडले गेले आणि ठार झाले. त्यांनी सोंग निभवलं म्हणून पाठलाग करणारे थोडा वेळ चुकीच्या पालखीमागे गेले, आणि त्या थोड्या वेळावर पुढचं सगळं उभं राहिलं, खिंडीत बाजीप्रभू लढले ते सुद्धा त्याच मिळालेल्या वेळाला आणखी वाढवण्यासाठी. पटावरचा मेजर मेला की डब्यात जातो आणि पुढच्या डावाला परत उभा राहतो. मी मुलांना हा गेम शिकवतो तेव्हा शिवा काशीदांची गोष्ट सांगतोच, कारण "आमिष म्हणून दिला" हे शब्द पटावर फार सहज तोंडातून निघतात.

मुलांबरोबर खेळताना एक गोष्ट नेहमी दिसते, त्यांना मार्शल घेऊन लगेच धुमाकूळ घालायचा असतो. चारपाच सोंगट्या कापतात, खूश होतात, पण आता मार्शल कुठे आहे हे समोरच्याला माहीत झालेलं असतं आणि हेर त्याच्या वाटेवर येऊन बसतो, मग तो मार्शल घाबरत घाबरत फिरतो. लपलेला मार्शल पटभर असतो, कारण प्रत्येक अनोळखी सोंगटी मार्शल असू शकते, उघडा पडलेला मार्शल एकाच घरात असतो. हे एकदा कळलं की मूल मोठं झालं समजा, खेळापुरतं तरी.

आणखी एक, चकवा यशस्वी झाला म्हणजे डाव जिंकला असं होत नाही. गोंधळ थोडाच वेळ टिकतो. माझ्या त्या कोपऱ्याच्या डावात त्याचा जनरल परत यायला साधारण आठदहा खेळ्या लागल्या असत्या, तेवढ्यात मला झेंडा शोधायचा होता, नाहीतर मी फक्त एक मायनर मारून दोन बॉम्ब आणि एक मेजर वाया घालवला असा त्याचा अर्थ झाला असता. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने इ.स.पू. २१७ मधे बैलांच्या शिंगांना मशाली बांधून रात्री डोंगरावर सोडले, खिंडीवरचे रोमन पहारेकरी "शत्रू इकडून निसटतोय" म्हणून त्या उजेडामागे गेले, आणि तो मोकळ्या खिंडीतून सैन्य घेऊन त्याच रात्री पार झाला. बैल सोडून तो तंबूत झोपला असता तर सकाळी पहारेकरी परत जागेवर आले असते. आपल्याकडे कात्रजच्या घाटाची जी गोष्ट सांगतात त्यातही बैलांच्या मशाली एका वाटेने आणि माणसं दुसऱ्या वाटेने त्याच वेळी जातात. गेममधे हे बरोबर उतरलंय, फसवल्यानंतरच्या काही खेळ्यांत जो हात आखडतो तो हरतो.

खरेदीबद्दल थोडं. घेताना आकड्यांकडे नक्की बघा, जुन्या अमेरिकन सेटमधे मार्शलवर १ असतो आणि आकडा जितका लहान तितकी सोंगटी मोठी, युरोपियन सेटमधे मार्शल १० असतो आणि आकडा जितका मोठा तितकी सोंगटी मोठी. एका सेटची सवय असलेला माणूस दुसऱ्यावर बसला की पहिल्या डावात गोंधळ ठरलेला, त्यामुळे घरात आधीचा सेट असेल तर तसाच घ्या. सोंगट्यांची पाठ अगदी एकसारखी हवी, एखादीवर ओरखडा किंवा डाग पडला की समोरचा ती ओळखायला लागतो आणि सगळा खेळच मेला, म्हणून वापरलेला सेट घेताना ८० च्या ८० पाठीमागून तपासा. दोघांचाच गेम आहे, तिसऱ्याला नुसतं बघत बसावं लागतं, पण बघणाऱ्याला दोन्ही बाजू दिसत असतील तर त्याच्यासारखी मजा नाही. पहिल्यांदा मांडणीलाच बराच वेळ जातो, तो जाऊ द्या, अर्धी लढाई तिथेच होते. ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी प्रत्येकी आठ सोंगट्यांचा बॅराज नावाचा प्रकार खेळून बघावा, मार्शल, जनरल, दोन स्काउट, मायनर, हेर, बॉम्ब, झेंडा, पटकन संपतो आणि त्यात प्रत्येक हूल फार महागाची असते.

नियमांत एकच गोष्ट आधी ठरवून घ्या. स्पर्धांमधे त्याच दोन घरांत एकच सोंगटी सलग मागेपुढे करत राहायला बंदी असते, घरी खेळताना लोक हा नियम विसरतात आणि मग अडचणीत आलेला खेळाडू उगाच वेळ काढत बसतो. तो नियम लावूनच खेळा, म्हणजे कोंडीत सापडलेल्याला काहीतरी नवीन सोंगटी हलवावीच लागते आणि ती हलली की त्याचं आणखी एक गुपित बाहेर येतं. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो वेगाचा आणि रसदीचा.